'नॉट' : एका अभाववाचक शब्दाची कुळकथा

देवनागरी लिपींत 'नॉट' हीं दोन अक्षरें लिहिलीं, तर इंग्रजी जाणणाऱ्या वाचकापुढें एकदम तीन शब्द उभे राहतात. एक निषेधाचा रोजचा 'नॉट', दुसरा दोरीच्या गांठीचा 'नॉट', आणि तिसरा, उच्चारांत किंचित् लांबणारा, जुन्या काव्यांत व अंकगणितांत भेटणारा 'नॉट', ज्याचा अर्थ 'कांहीं नाहीं' असा आहे. गांठीचा शब्द निराळ्या कुळांतला. त्याला बाजूला ठेवूं. उरलेले दोन इंग्रज लोक वेगवेगळे लिहितात, वेगवेगळे उच्चारतात आणि कोशांत वेगवेगळ्या ठिकाणीं मांडतात. आपली लिपि मात्र त्यांना एकच करून टाकते. हा लिपीचा दोष म्हणावा, तर गंमत अशी कीं इतिहास लिपीच्याच बाजूचा आहे. हे दोन शब्द मुळांत एकच होते.

ह्या तिसऱ्या 'नॉट'ला आपल्याकडे 'शून्य' असा प्रतिशब्द देऊन मोकळें होण्याची रीति आहे. गणिताच्या पुस्तकापुरती ती चालून जाते. पण वाङ्मयांत हा प्रतिशब्द पुष्कळदां फसवतो, आणि तो कोठें व कां फसवतो हें पाहिलें, म्हणजे एका लहानशा शब्दाच्या पोटांत माणसाच्या न्यायबुद्धीचा केवढा इतिहास दडलेला असतो हें ध्यानांत येतें. तोच इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे.

प्रथम कुळ पाहूं. प्राचीन इंग्रजींत 'विख्त' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ 'प्राणी', 'जीव', आणि त्याबरोबरच 'वस्तु' असाहि होत असे. त्याच्यामागें निषेधाचा 'ना' लागला, म्हणजे 'नाविख्त' झालें. अर्थ 'एकहि वस्तु नाहीं'. बोलतां बोलतां 'नाविख्त'चें 'नाख्त' आणि 'नोख्त' झालें, आणि त्या दोन रूपांतून आजच्या लेखनाच्या दोन तऱ्हा निघाल्या. आपल्या विद्यार्थ्यांना ह्या शब्दाच्या मध्यें बसलेलीं, न उच्चारलीं जाणारीं दोन अक्षरें पाठ करतांना पूर्वीपासून त्रास होत आला आहे. तीं अक्षरें म्हणजे त्या 'ख'काराचें थडगें होय. जर्मन भाषेनें तो उच्चार अजून जिवंत ठेवला आहे. तिचा 'निख्त' हा निषेधवाचक शब्द ह्याच घडणीचा, इंग्रजी 'नॉट'चा सख्खा चुलतभाऊ आहे. मूळचा 'विख्त'हि अगदींच नाहींसा झाला नाहीं. चॉसरच्या काळीं तो 'वाइट' ह्या रूपानें 'माणूस' ह्या अर्थीं सर्रास वापरांत होता. आणि आज 'लवमात्र' ह्या अर्थीं जो 'व्हिट' शब्द इंग्रजींत आढळतो, तोहि बहुधा त्याचाच अवशेष आहे. ह्या 'वाइट'चा आपल्या 'वाईट'शीं संबंध जोडण्याचा मोह एखाद्याला होईल. तो आवरावा. ध्वनि सारखा म्हणून कुळ एक, ह्या न्यायानें चाललें तर व्युत्पत्तिशास्त्राची करमणूक होते, शास्त्र होत नाहीं.

आतां ह्या 'कांहीं नाहीं'चें साधें 'नाहीं' कसें झालें तें पाहण्यासारखें आहे. प्राचीन इंग्रज माणूस निषेध करतांना क्रियापदापूर्वीं 'ने' हा लहानसा शब्द उच्चारीत असे. एवढ्यानें काम भागत होतें. पण 'ने' हा शब्द फार हलका. वाक्याच्या ओघांत तो ऐकूं न आला तर होकाराचा नकार आणि नकाराचा होकार व्हावयाचा. म्हणून जोर देण्यासाठीं क्रियापदानंतर 'नाविख्त' जोडूं लागले. 'मी बोलत नाहीं' ह्याऐवजीं 'मी बोलत नाहीं, कांहींहि नाहीं' असा तो प्रकार होता. हळूहळू जोराचा शब्द नित्याचा झाला, नित्याचा झाल्यावर त्यांतला जोर गेला, आणि मग पुढचा 'ने' अनावश्यक ठरून गळून पडला. मागें उरलेला 'नाविख्त' झिजून 'नॉट' झाला, आणि सगळ्या निषेधाचा भार त्या एकट्यावर आला. मदतीला बोलावलेला पाहुणा घरधनी होऊन बसला! डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनीं १९१७ सालीं निषेधावर लिहिलेल्या प्रबंधांत हें चक्र साधार मांडलें असून पुढच्या अभ्यासकांनीं त्याला त्यांचेंच नांव दिलें आहे.

फ्रेंच भाषेंत हेंच चक्र दुसऱ्या सामग्रीनें फिरलें. तेथें निषेधाला जोर आणण्यासाठीं 'पाऊल', 'ठिपका', 'भाकरीचा कण' अशा अर्थांचे शब्द जोडीत. त्यांतला 'पाऊल' टिकला. आज बोलण्यांतल्या फ्रेंचमध्यें मूळ निषेधाचा शब्द गळून पुष्कळदां नुसतें हें 'पाऊल'च 'नाहीं' म्हणून उभें असतें. त्याच भाषेंत 'कांहीं नाहीं' ह्या अर्थाचा जो शब्द आहे, तो लॅटिनमधल्या 'वस्तु' ह्या अर्थाच्या शब्दापासून आला. आणि 'कोणी नाहीं' ह्या अर्थाचा शब्द तर उघडउघड 'व्यक्ति' असाच आहे. स्पॅनिश भाषेंतला 'नादा', म्हणजे 'कांहीं नाहीं', हा मूळचा 'जन्मलेली' ह्या अर्थाचा शब्द. 'जन्मलेली वस्तु' ह्या शब्दप्रयोगाचा तो उरलेला तुकडा आहे. लॅटिन 'निहिल'ची फोड रोमन वैयाकरण 'न' आणि 'हीलुम्' अशी करीत, आणि 'हीलुम्' म्हणजे द्विदल दाण्याला चिकटलेला क्षुल्लक कण असें सांगत.

ह्या सर्वांत एक सूत्र दिसतें. अभावाला स्वतःचें नांव नाहीं. तो सांगावयाचा तर एखादी वस्तु आणावी लागते, आणि ती आणून नाकारावी लागते. आपण तरी दुसरें काय करतों? 'तिळमात्र शंका नाहीं', 'तसूभर हलला नाहीं', 'काडीची अक्कल नाहीं', 'छदामहि दिला नाहीं' असें आपण म्हणतों, तेव्हां तीळ, तसू, काडी आणि छदाम हीं आपलीं 'विख्त'च असतात. गजाचा चोविसावा भाग तो तसू. मोजण्याची गज-पट्टी घरांतून गेली तरी निषेधाच्या वाक्यांत तो तसू अजून जागा अडवून बसला आहे. 'नव्हता' ह्या शब्दांत 'होता' स्पष्ट दिसतो, आणि 'नाहीं' म्हणतांना 'आहे'चा पडसाद कानांवर येतो. नकार हा नेहमीं होकाराच्या खांद्यावर बसून प्रवास करतो.

ह्या शब्दाच्या नात्यागोत्यांत एक विनोदहि झालेला आहे. 'नाविख्त'ला निषेधाविना असलेलें एक भावंड होतें. त्याचें आजचें रूप 'ऑट', म्हणजे 'कांहींहि'. पुढें इंग्रज लोक 'एक शून्य' ह्या अर्थीं 'नॉट'पूर्वीं अनिश्चितवाचक उपपद लावूं लागले, तेव्हां कांहींच्या कानांनीं जोडणी चुकीच्या जागीं तोडली. 'अ नॉट'चें 'अॅन ऑट' झालें. अशी ओढाताण त्या भाषेला नवी नाहीं. सापाचें 'अॅडर' हें नांवहि असेंच आरंभींचा 'न'कार गमावून बसलें आहे. पण येथें परिणाम असा झाला कीं 'कांहींहि' ह्या अर्थाचा शब्द 'कांहीं नाहीं' ह्या अर्थीं वापरला जाऊं लागला, आणि अमेरिकेंत आकड्यांतल्या शून्याला 'ऑट' म्हणणारे लोक आढळतात. उत्तर इंग्लंडांत, विशेषतः यॉर्कशायर आणि लँकाशायर ह्या परगण्यांत, हीं दोन भावंडें 'नौट' आणि 'औट' अशा रूपांनीं आजहि बोलण्यांत आहेत, आणि तेथील माणूस त्यांचा कधीं घोटाळा करीत नाहीं.

आतां 'शून्य' ह्या प्रतिशब्दाकडे वळूं. आपला 'शून्य' ज्या धातूपासून निघाला, त्याचा अर्थ फुगणें असा आहे. फुगलेलें, म्हणून आंतून पोकळ, म्हणून रिकामें, असा त्याचा अर्थप्रवास सांगतात. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें ह्या शून्याला बेरजेचे व वजाबाकीचे नियम लावून संख्यांच्या पंक्तींत बसविलें. अरबांनीं त्याचें भाषांतर 'सिफ्र', म्हणजे रिकामें, असें केलें. पिसा नगरच्या लिओनार्दोनें १२०२ च्या ग्रंथांत त्याला लॅटिन रूप दिलें, आणि त्या एका अरबी शब्दापासून युरोपांत दोन वंश निघाले. एक 'सायफर'चा, दुसरा 'झीरो'चा. इंग्रजींत 'सायफर' आधीं आला. 'झीरो' येण्यास सतरावें शतक उजाडावें लागलें.

म्हणजे इंग्रजींत अभावाचे दोन प्रवाह भेटतात. 'नॉट' हा घरचा. तो वस्तु नाकारतो. 'सायफर' हा आपल्याकडून अरबांच्या हातून गेलेला. तो रिकामी जागा दाखवतो. वस्तु नाकारणें आणि जागा राखणें ह्या दोन क्रिया भिन्न आहेत. घरांत माणूस नाहीं हें सांगणें वेगळें, आणि पंक्तींत त्याचें पान मांडून ठेवणें वेगळें. दहा ह्या आकड्यांतलें शून्य हें असें मांडून ठेवलेलें पान आहे. तें काढलें तर दहाचा एक होतो. आपण मराठी माणसें तर ह्या शून्याला 'पूज्य' म्हणत आलों. दुकान बंद करण्याला 'वाढविणें' आणि जातांना 'येतों' म्हणणाऱ्या वृत्तींतूनच हें नांव पडलें असावें. 'बुद्धीच्या नांवानें पूज्य' ह्यांत उपहास आहे खरा. तथापि ज्याच्यापाशीं कांहीं नाहीं त्याला निदान शब्दांत तरी मान देण्याची रीति तेथें दिसते.

'नॉट'च्या वाट्याला हा मान आला नाहीं; आणि येथेंच ह्या कुळकथेचा खरा मर्मभाग आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ह्या शब्दापासून 'नॉटी' असें विशेषण झालें. त्याचा पहिला अर्थ होता, 'ज्याच्याजवळ कांहीं नाहीं असा', म्हणजे दरिद्री. सोळाव्या शतकांत त्याचा अर्थ 'दुष्ट', 'नीच', 'कुजका' असा झालेला दिसतो. १६११ च्या बायबलाच्या भाषांतरांत, यिर्मयाच्या चोविसाव्या अध्यायांत, टोपलींतल्या खाण्यास अयोग्य अंजिरांना हेंच विशेषण लावलेलें आहे. पुढें तें ऐकत नसलेल्या मुलांना लावूं लागले, आणि आज कोणी आई मुलाला तसें म्हणते तेव्हां त्यांत रागापेक्षां कौतुकच अधिक असतें. प्रौढांच्या बाबतींत त्याचा अर्थ 'चावट' असा होतो. २००० ते २००९ ह्या दशकाला इंग्रजांनीं 'नॉटीज' असें नांव दिलें, तें वर्षांच्या आकड्यांतल्या शून्यांवरून. पण त्या नांवांत चावटपणाचा श्लेष आहेच.

ह्या अर्थप्रवासाचा पहिला टप्पा पाहा. ज्याच्याजवळ कांहीं नाहीं, तो वाईट! हा निर्णय कोणा एका न्यायाधीशानें दिला नाहीं. लाखो तोंडांनीं, शंभर-दीडशें वर्षांत, कोणाच्याहि लक्षांत न येतां दिला. सी. एस. लुईस यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या शब्दविषयक ग्रंथांत दाखवलें आहे कीं, समाजांतल्या स्थानाचे वाचक शब्द हळूहळू शीलाचे वाचक होतात; शेतावर राबणारा कूळ तो 'व्हिलन', आणि पुढें तोच खलपुरुष. आपली भाषा ह्या पापापासून मुक्त आहे असें कोणीं समजूं नये. 'भिकार नाटक', 'दळिद्री कारभार' असें आपण सहज म्हणून जातों, तेव्हां भिकाऱ्याचा आणि दरिद्र्याचा अपराध कोणता, हें आपल्या मनांतहि येत नाहीं. आणि 'नॉटी'ला मराठींत जो नेमका प्रतिशब्द आहे, त्या 'व्रात्य' शब्दाची कथा तर अधिकच बोलकी आहे. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडांत ज्याचा गौरव आहे तो व्रात्य. मनुस्मृतींत योग्य वेळीं उपनयन न झाल्यामुळें बहिष्कृत ठरलेला तो व्रात्य. आणि आज शेजाऱ्याच्या झाडावरच्या कैऱ्या पाडणारा मुलगा तोहि व्रात्यच. एका भाषेंत धनाचा अभाव, दुसरींत संस्काराचा अभाव. दोन्हीकडे अभावाचा दोष झाला, आणि दोषाची धार शेवटीं मुलांच्या खोड्यांवर घासून बोथट झाली.

हें सर्व मनाशीं ठेवून शेक्सपिअरचें 'किंग लिअर' वाचावें. ह्या नाटकाचें मराठीशीं नातें जिव्हाळ्याचें आहे. विंदा करंदीकरांनीं त्याचें भाषांतर केलें, आणि शिरवाडकरांच्या 'नटसम्राटा'मागें त्याची छाया आहे. म्हणून भाषांतरकाराच्या दृष्टीनेंहि हा विचार उपयोगी पडावा. नाटकाचा आरंभ एका 'कांहीं नाहीं'नें होतो. म्हातारा राजा मुलींना प्रेमाचें मोजमाप विचारतो. धाकटी कॉर्डिलिया उत्तर देते, 'कांहीं नाहीं'. शून्यांतून शून्यच निघतें, अशा अर्थाचें जुनें तत्त्व तिला ऐकवून राजा तिला निष्कांचन करतो. पुढें राज्य देऊन बसलेल्या त्याच राजाला विदूषक आकड्यावांचूनच्या पूज्याची उपमा देतो. ह्या उपमेचें वर्म त्या काळच्या प्रेक्षकाला ताबडतोब कळत असलें पाहिजे. रॉबर्ट रेकॉर्डचें अंकगणिताचें पुस्तक १५४३ मध्यें निघालें होतें, आणि नव्या अंकांची ओळख झालेल्या पिढ्या तोंवर वाढल्या होत्या. 'पांचवा हेन्री' ह्या नाटकाच्या नांदींत शेक्सपिअरनें नटांना पूज्यें म्हटलें आहे, पण तीं मोठ्या हिशेबांत शेवटच्या जागीं बसून लाखांची किंमत आणणारीं पूज्यें आहेत. लिअर हें डावीकडचा आकडा स्वतःच्या हातानें पुसून टाकलेलें पूज्य आहे. येथें 'शून्य' किंवा 'पूज्य' हा प्रतिशब्द अगदीं योग्य होईल.

पण दुसऱ्या अंकांत, थोरल्या मुलीनें अपमान केल्यावर राजा मधल्या रीगनकडे येतो आणि तिची बहीण 'नॉट' आहे असें सांगतो. येथें 'शून्य' म्हटलें तर अर्थाचा अनर्थ होईल. अर्थ 'दुष्ट' असा आहे. तिसऱ्या अंकांत वृद्ध ग्लॉस्टर आपली दाढी उपटणाऱ्या रीगनला 'नॉटी' म्हणतो. आजच्या अर्थानें तो शब्द वाचणारा विद्यार्थी तेथें हंसेल, आणि नाटकांतल्या अत्यंत क्रूर प्रसंगीं हंसेल. वादळी रात्रीलाहि विदूषक तेंच विशेषण लावतो. म्हणजे एकाच नाटकांत हा वंश तीन रूपांनीं वावरतो. जिनें 'कांहीं नाहीं' म्हटलें ती मुलगी चांगली निघाली, आणि जिला निम्में राज्य मिळालें ती 'नॉट' ठरली. समाजानें शब्दाच्या द्वारा दिलेला निकाल, कीं ज्याच्याजवळ नाहीं तो वाईट, नाटकानें असा उलटा करून टाकला आहे.

भाषांतरकारानें हा धागा 'दुष्ट' शब्द घालून तोडावा काय? मराठीला तशी गरज नाहीं. 'त्या माणसांत कांहीं नाहीं', 'त्यांत कांहीं अर्थ नाहीं' असें आपण माणसाची किंमत ठरवतांना म्हणतोंच. कॉर्डिलियाच्या तोंडचें 'कांहीं नाहीं' आणि राजाच्या तोंडचें 'तिच्यांत कांहीं नाहीं', ह्या दोन वाक्यांमध्यें मूळचें नातें बऱ्याच अंशीं टिकतें. 'शून्य' हा शब्द विदूषकासाठीं राखून ठेवावा.

कोणी म्हणेल, शब्दाची व्युत्पत्ति म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. शेक्सपिअरला 'नाविख्त' कोठें ठाऊक होता? आक्षेप खरा आहे. पण येथें आधार व्युत्पत्तीचा घेतलेला नाहीं. 'नथिंग', 'नॉट' आणि 'नॉटी' हे तिन्ही शब्द त्याच्या काळीं जिवंत होते, आणि पहिल्या दोहोंतलें अर्थाचें नातें कोणाहि इंग्रजाला कळत होतें. व्युत्पत्ति एवढेंच करते कीं, ज्या ठिकाणीं आपण सवयीनें पुढें निघून जातों तेथें हात धरून थांबवते.

लिअर माळरानावर, वादळांत, अंगावर वस्त्र नसलेल्या गरिबांची प्रथमच आठवण करतो, आणि राजा असतांना आपण त्यांची काळजी घेतली नाहीं असें कबूल करतो. 'नॉटी' शब्दाचा जो पहिला अर्थ जगानें पुसून टाकला होता, त्या अर्थाचीं माणसें तेथें त्याच्या नजरेसमोर उभीं राहतात. अशा माणसांना आजच्या मराठींत 'नाहीं रे' असें नांव आहे, आणि इंग्रजींत त्यांना जें म्हणतात त्याच्याहि शेवटीं तोच झिजलेला 'नॉट' बसलेला आहे. त्या 'नॉट'च्या पोटांत 'विख्त' आहे. आणि 'विख्त' म्हणजे, वस्तु म्हणण्याच्या आधीं, एक जीव.